पीस सापडलं की आधी फूटपट्टी काढा

गेल्या जूनमध्ये नात उंबराखालून एक पीस घेऊन धावत आली. "आजोबा, ससाण्याचं!" तपकिरी पीस, त्यावर आडवे पांढरे पट्टे. शेजारचे काकाही म्हणाले, शिकारी पक्षीच असणार. ते निघालं कोकिळेचं, मादीचं. कुहूकुहू करतो तो काळा नर सगळ्यांना ठाऊक असतो. मादी पट्ट्यापट्ट्यांची, पानाआड राहणारी, म्हणून तिचं पीस कुणी ओळखत नाही.

मी चित्रकलेचा शिक्षक होतो, तरी सांगतो: रंग सगळ्यात शेवटी बघा.

आधी पीस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मधला दांडा बघा. त्याची एक बाजू अरुंद आणि दुसरी रुंद असेल तर ते बहुधा पंखाच्या टोकाकडचं. उडताना हवा कापते ती अरुंद बाजू. दांडा वाकलेला आणि दोन्ही बाजूंत थोडाच फरक, तर पंखातलंच पण अंगाजवळचं. दांडा सरळ आणि दोन्ही बाजू सारख्या, तर शेपटीच्या मधलं. शेपटीच्या कडेच्या पिसांत मात्र बाजू कमीजास्त असतात, तिथे फसायला होतं. नुसतं मऊ, कापसासारखं पीस अंगावरचं. त्यावरून नाव सांगायच्या फंदात मी सहसा पडत नाही.

मग लांबी मोजा. पंखाचं सगळ्यात लांब पीस साळुंकीचं साधारण 10-11 सेंमी, पारव्याचं 15-17, कावळ्याचं 20 च्या आसपास, घारीचं 30 च्या वर. एवढ्यानेच निम्मे पक्षी बाद होतात.

आता रंग. साळुंकीच्या पंखाचं पीस गडद, पण देठाकडे पांढरं. शेपटीचं काळं आणि टोकाला पांढरं. पारव्याचं राखाडी, शेपटीच्या टोकाला काळपट पट्टा. भारद्वाज तर एकटाच दोन पक्ष्यांचा भास करून देतो: पंख विटकरी, शेपूट काळीभोर. पोपटाचं शेपटीचं पीस उलटं करा, खालून पिवळसर दिसेल. खंड्याचं निळं पीस उन्हासमोर आडवं धरा. निळा रंग जातो आणि नुसतं काळपट उरतं, कारण त्यात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो, तो आपल्याला निळा दिसतो. आयुष्यभर रंग कालवूनही मला हे प्रत्येक वेळी नवल वाटतं.

पीस मखमलीसारखं मऊ लागलं तर त्याची पुढची कड भिंगातून पाहा. गव्हाणी घुबडाच्या पंखाच्या सगळ्यात बाहेरच्या पिसाला तिथे कंगव्यासारखे बारीक दाते असतात. आवाज न करता उडायला त्यांची मदत होते.

आमच्या पिसाचा दांडा सरळ, बाजू सारख्या, लांबी 19 सेंमी. म्हणजे शेपूट. शिक्रा म्हणजे छोटा शिकारी पक्षी. त्याच्या शेपटीची जमीन, साडीची म्हणतात तशी, फिकट राखाडी, वर मोजके रुंद गडद पट्टे. इथे सगळं उलटं: जमीन गडद, पट्टे पांढरे, बारीक आणि पुष्कळ. वर बघितलं तर उंबराच्या शेंड्याला कावळ्याचं घरटं. कोकिळा अंडी घालते ती बहुतेकदा कावळ्याच्या घरट्यात. मग मला शंका उरली नाही.

देठही तपासा. देठ अखंड असेल तर पीस आपोआप गळलं असेल किंवा शिक्र्यासारख्या पक्ष्याने उपटलं असेल. मांजर किंवा मुंगूस चावून तोडतं, तेव्हा दांडा मोडलेला सापडतो. विणीनंतर बरेच पक्षी पिसं बदलतात. दोन्ही पंखांतली जोडीजोडीने गळतात, त्यामुळे तोल जात नाही. एखादंच पीस मिळालं तर घाबरू नका, पक्षी बहुतेक सुखरूप आहे. पिसांचा ढीग दिसला तर तिथे शिकार झाली असेल.

मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, आणि पीस हाताळल्यावर साबणाने हात धुवा. पिसं घरात साठवूही नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांचे अवयव बाळगण्यावर निर्बंध आहेत. शेजारी फूटपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, तारीख आणि झाड लिहून ठेवा. नातीने तेच केलं, वहीत चित्र काढलं आणि पीस परत उंबराखाली ठेवून आली.