‘पानी’ सुधारण्यात घालवलेले दोन महिने

स्पीच थेरपीची इंटर्नशिप संपवून बीडला पहिली नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे प्रमाण मराठीवर बेतलेली आर्टिक्युलेशन टेस्ट, म्हणजे उच्चार तपासायची चाचणी, होती आणि नको तेवढा आत्मविश्वास. पाच वर्षांचं पोरगं ‘बाण’ला ‘बान’ म्हणालं, ‘पाणी’ला ‘पानी’. मी फाइलवर लिहिलं, ‘ण’ऐवजी ‘न’. मग दोन महिने, आठवड्यातून दोनदा, आरशासमोर जीभ वळवायची शिक्षा. शेवटी त्याची आजी म्हणाली, “मॅडम, आमच्या घरात समदेच पानी म्हनतेत. मंग मला बी बसवता का इथं?”

मी हसले, पण त्या रात्री झोप नाही लागली. कारण तेच पोरगं काकाला ‘ताता’ आणि गाडीला ‘दाडी’ म्हणत होतं. घरच्यांनी आणलं होतं ते त्यासाठीच! क-गचे त-द होणं साडेतीन-चार वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचं आपोआप जातं. पाचव्या वर्षी टिकलं असेल तर काम तिथंच करायचं असतं.

म्हणून, या कामात नव्यानं येणाऱ्यांनो, टेस्टचं पान उघडण्याआधी सोबत आलेल्या माणसाशी दहा मिनिटं गप्पा मारा. पीकपाणी विचारा, एसटी वेळेवर आली का विचारा, आणि ते कसं बोलतात ते लिहून घ्या. आईच ‘पानी’ म्हणत असेल तर तो दोष नाही, बोली आहे. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतं, कुणाच्या घरी दखनी उर्दू असते. पण बोली-बोली म्हणून सगळंच सोडूनही देऊ नका. ‘ताता’ त्या घरात दुसरं कुणीच म्हणत नव्हतं.

ऐकण्याची तपासणी झाल्याशिवाय सुरुवात नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. माझ्या एका सीनियरचा भर शिट्ट्या, फुगे, स्ट्रॉवर असायचा. फुगा फुगवून फुगाच फुगतो, ‘क’ येत नाही. जिभेला वेखंड चोळूनही येत नाही.

मी त्या पोराला उताणं झोपवलं, म्हणजे जीभ मागे जाते. गुळणी करताना घशात कुठं खुळखुळतं ते दाखवलं. चौथ्या सेशनला सुटा ‘क’ निघाला. मग ‘ग’साठी ‘गाणं’ आणि ‘दाणं’ या जोडीचा खेळ. तो गाणं हवं म्हणून मोबाइलकडे बोट दाखवून ‘दानं’ म्हणाला की मी हातावर शेंगदाणे ठेवायची. तिसऱ्यांदा शेंगदाणे मिळाल्यावर चिडून ओरडला, “गानं!” ‘न’ला मी हात लावला नाही.

चुकाल तुम्हीही. दोन महिने वाया गेले म्हणून मूल बिघडत नाही. फक्त चूक कळल्यावर घरच्यांना सांगा. मी आजीला सांगायला आठवडा लावला.

आणि इथलं वेळापत्रक दिवाळीपर्यंतचंच धरा. नंतर आईबाप ऊसतोडीला निघतात, पोरंही जातात. जाण्याआधी आईला रोज पाच मिनिटांचा एकच खेळ शिकवा, वही भरून देऊ नका. कारखान्यावरून त्या पोराच्या आईने त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, “काका, पानी आन.” ‘क’ स्वच्छ. गाडीची मात्र अजून मधूनच दाडी होते.