खुब्याची ग्रोथ प्लेट घसरली तर: तपासणीपासून स्क्रूपर्यंत

१० ते १६ वर्षांचं, अंगानं भारी लेकरू. गुडघा दुखतो म्हणतंय, लंगडतंय, पाऊल बाहेर वळवून टाकतंय. अशा वेळी आधी खुबा तपासा. लेकराला उताणं झोपवून गुडघा पोटाकडे न्या. मांडी आपोआप बाहेर वळली आणि आत वळवताना दुखलं, तर ग्रोथ प्लेट (मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि त्याखालची मान यांच्यामधला वाढीचा कूर्चेचा थर) घसरल्याचा दाट संशय घ्या. खुब्याची कळ गुडघ्यात जाणवते. नुसत्या गुडघ्याचा एक्स-रे काढला तर तो चांगला येतो आणि महिने वाया जातात.

एक्स-रे दोन्ही खुब्यांचे हवेत, समोरून आणि फ्रॉग लॅटरल (गुडघे वाकवून, मांड्या फाकवून काढलेला बाजूचा फोटो). सुरुवातीची घसरण समोरच्या फोटोत निसटते. कुबड्या घेऊनही पाऊल टाकता येत नसेल तर ती अस्थिर घसरण. तिथे पाय फाकवू नका, क्रॉस-टेबल लॅटरल (पाय न हलवता टेबलच्या बाजूनं आडवा घेतलेला फोटो) काढा. १९९३ च्या लोडर या हाडांच्या डॉक्टरांच्या अभ्यासात अस्थिर ३० खुब्यांपैकी १४ मध्ये हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता, स्थिर २५ पैकी एकातही नाही.

निदान झालं की त्या क्षणापासून पायावर भार बंद. उदगीर असो की माजलगाव, लेकराला एसटीनं पाठवू नका. १०८ बोलावून झोपवूनच लातूर, अंबाजोगाई, नांदेड किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवा. मालीश नको, ओढून बसवणं तर मुळीच नको. अस्थिर घसरण तातडीची समजा. वय १० च्या आत किंवा १६ च्या पुढे असेल, किंवा लेकरू किडकिडीत असेल, तर थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्याही करून घ्या.

ऑपरेशन टेबलवर चीर देण्याआधी सी-आर्ममध्ये (ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र) खुबा दोन्ही दिशांनी स्वच्छ दिसतोय ना, ते पाहा. स्थिर घसरणीत हाड आहे तिथेच स्क्रूनं पक्कं करायचं. गोळा मागे सरकलेला असतो, म्हणून स्क्रूची सुरुवात मानेच्या पुढच्या बाजूनं होते. घसरण जितकी जास्त, तितकं छिद्र पुढे. नेहमीसारखं बाहेरून शिरलात तर गाइड वायर (स्क्रूला वाट दाखवणारी तार) मानेच्या मागून बाहेर पडते आणि तिथल्या रक्तवाहिन्या दुखावतात. छिद्र लेसर ट्रोकँटरच्या (मानेखाली आतल्या बाजूला असलेला हाडाचा छोटा उंचवटा) खाली नको, उगाच चार छिद्रंही नकोत; तिथून मांडीचं हाड मोडतं.

गाइड वायर प्लेटला काटकोनात, गोळ्याच्या मध्यावर न्या. वरचा-मागचा भाग टाळा. ड्रिल करताना वायर अडकून पुढे ढकलली जाते, म्हणून टप्प्याटप्प्यानं सी-आर्म पाहत राहा. सहसा ६.५ ते ७.३ मिमीचा एकच कॅन्युलेटेड (तारेवरून सरकणारा पोकळ) स्क्रू पुरतो. प्लेटच्या पलीकडे किमान ५ आटे जावेत आणि टोक सांध्यापासून किमान ५ मिमी अलीकडे थांबावं.

ही पुढची पायरी घाईत कधीही गाळू नका. सी-आर्म चालू ठेवून पाय पूर्ण आत-बाहेर फिरवा. टोक सांध्याजवळ येतं आणि पुन्हा लांब जातं. ते सर्वांत जवळ असतानाही हाडातच दिसलं पाहिजे. गोळा गोल असल्यामुळे दोन स्थिर फोटोंत आत दिसणारा स्क्रू सांध्यात घुसलेला असू शकतो. तसाच राहिला तर कूर्चा झिजते आणि खुबा आखडतो.

नंतर साधारण ६ आठवडे कुबड्या, पाय नुसता टेकवायचा. पाटावर मांडी घालणं आणि भारतीय संडासात उकिडवं बसणं सर्जन सांगेपर्यंत बंद. दुसरा खुबाही घसरू शकतो, म्हणून प्लेट बंद होईपर्यंत दर ३ ते ६ महिन्यांनी दोन्ही बाजूंचे एक्स-रे काढा. मधेच दुसरा गुडघा दुखला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.