जळगाव सोडण्याआधीच अडणारा व्हिसा : परदेशी निघताना या चुका टाळा

खान्देशातल्या साठीपुढच्या माणसांचे कागद चाळले की जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पुन्हा पुन्हा दिसतो. शाळेत नाव घालायला काका गेलेले, जन्माची नोंद कुठेच नाही, मग गुरुजींनी सोयीची तारीख टाकून दिली. ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कायमची बसली. पुढे आधार काढताना कुणी आईने सांगितलेली खरी तारीख सांगितली, मतदार ओळखपत्रावर तिसरंच काही आलं. गावात राहून याने काही अडत नाही. मुलगी जर्मनीत बाळंत होणार आणि आईला तिकडे जायचं ठरलं, की हे सगळे कागद पहिल्यांदा एका टेबलावर येतात. एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही.

मी जळगावात लोकांचे पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरून देतो. व्हिसा नाकारल्याचं पत्र हातात घेऊन बसलेली घरं मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांकडे पैसा होता, कारण खरं होतं, परत यायचंही होतं. कागदांवरून मात्र ते दिसत नव्हतं. पलीकडचा अधिकारी आपल्याला ओळखत नाही, यावल की पारोळा त्याला ठाऊक नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतात.

नाव आणि तारीख : पहिली गाठ इथेच

आपल्याकडे चौधरी हे आडनाव इंग्रजीत लिहिताना बापाच्या कागदावर शेवटी ‘आय’ असतो आणि मुलाच्या कागदावर ‘वाय’. बायकांच्या नावापुढे कुठे ‘बाई’ लागलेलं, कुठे नाही. माहेरचं नाव बँकेत, सासरचं रेशनकार्डावर. एका आजींना मी विचारलं, खरं नाव कोणतं लिहू? त्या म्हणाल्या, “भाऊ, दोन्ही मन्हंच नाव शे.” त्यांचं म्हणणं खरंच होतं, पण पासपोर्टला एकच चालतं.

म्हणून क्रम पाळा. आधी आधार, पॅन आणि बँक खातं यांतलं नाव नि तारीख एकसारखी करून घ्या, मग पासपोर्टचा अर्ज करा. पासपोर्ट हातात आला की पुढचं सगळं त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवायचं : व्हिसाचा फॉर्म, विमा, विमानाचं तिकीट. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव असे दोन वेगळे रकाने असतात. आपल्याकडे घाईत सगळं नाव एकाच रकान्यात कोंबतात आणि आडनावाचा रकाना रिकामा राहतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर असं एकेरी नाव चालणार नाही असं ठरवलं. दुबईला निघालेल्या माणसाला ते विमानतळावर कळलं, तर तिथे कुणीच काही करू शकत नाही. चूक दिसली की पासपोर्ट नव्याने काढून दुरुस्त करून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी हे तपासा.

मुदत संपली नाही, तरीही पासपोर्ट चालत नाही

“अजून चार महिने आहेत की!” हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. सिंगापूर, इंडोनेशिया, अमिराती अशा अनेक देशांना पोहोचण्याच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन देशांचा नियम जरा वेगळा आहे : तिथून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. दोन कोरी पानंही लागतात. शिवण उसवलेला किंवा पाण्याने फुगलेला पासपोर्ट घेऊन जाऊ नका. जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा अजून चालू असेल तर जुना टाकून देऊ नका, दोन्ही सोबत न्या.

खात्यात अचानक आलेले पाच लाख

शेतकऱ्यांचे अर्ज इथेच सर्वांत जास्त अडतात, म्हणून सविस्तर सांगतो.

नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार येतो. कापूसवाल्याच्या खात्यात दिवाळीनंतर एकदम रक्कम येते आणि पेरणीच्या वेळी तेवढीच निघून जाते. केळीवाल्याची कापणी होईल तसा पैसा येतो, त्यातला काही रोख. अधिकाऱ्याला हा हिशेब आपोआप समजत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की सहा महिने खातं रिकामं होतं आणि अर्जाच्या दहा दिवस आधी पाच लाख आले. हे पैसे उसने आणून दाखवले असतील, असा संशय त्याला येतो.

काही जण खरोखरच तसं करतात. मेव्हण्याकडून पैसे घेऊन खात्यात टाकतात, स्टेटमेंट काढतात आणि परत करतात. कृपा करून हे करू नका. त्यापेक्षा तुमचा खरा पैसा समजावून सांगा. सातबारा आणि आठ-अ जोडा. बाजार समितीतल्या किंवा व्यापाऱ्याने दिलेल्या विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवा आणि बँकेत जमा झालेल्या रकमेशी त्यांचा मेळ लावून द्या. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने पुष्कळांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं. तसं असेल तर सोबतच्या पत्रात दोन ओळींत स्पष्ट लिहा : जमीन एवढी, पीक हे, पैसा या महिन्यांत येतो. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडायला विसरू नका. नुसता मराठी सातबारा मुंबईत कितीही ठसठशीत दिसला, तरी वाचणाऱ्याला तो कोराच.

खर्च मुलगा करणार असेल तर तसंच लिहा. त्याचं निमंत्रणपत्र, पगाराच्या पावत्या आणि तिथे राहण्याचा परवाना लावा. आई-बापांनी मोठं दिसण्यासाठी खर्च स्वतःच्या नावावर दाखवायचा आणि स्टेटमेंट मुलाचं लावायचं, हा घोळ मी अनेकदा निस्तरला आहे.

फॉर्म दुसऱ्याने भरला, सही तुमची

एजंटाने किंवा भाच्याने फॉर्म भरला म्हणून तो वाचायचा नाही, असं करू नका. अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये पूर्वी व्हिसा नाकारला होता का, जवळचे नातेवाईक तिथे आहेत का, असे थेट प्रश्न असतात. ‘नाही’ लिहिलं तर बरं पडेल असा सल्ला काही जण देतात. तो सल्ला माणसाचं आयुष्यभराचं नुकसान करू शकतो. मुद्दाम खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. ब्रिटन दहा वर्षं अर्ज नाकारू शकतं. आधी एकदा नकार मिळाला असेल तर तो सांगावा, कारणही सांगावं. नकार मिळूनही पुढच्या वेळी व्हिसा मिळालेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला मुलाखत असते आणि ती मराठीतून देता येते. मग तोडकंमोडकं इंग्रजी पाठ करून का जायचं? एका आप्पांनी शिकवलेली वाक्यं म्हणायला घेतली आणि साध्या प्रश्नाला अडखळले. घरी मी विचारलं, तर त्यांनी एका दमात सांगितलं होतं : नातू झाला, बघायला चाललो, गहू काढायच्या आत परत येणार. याहून चांगलं उत्तर कुणालाही शिकवता येणार नाही. मुलाखतीला जाताना भुसावळहून आदल्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नका. एक दिवस आधी मुंबई गाठा.

शेंगेनचा अर्ज कुणाकडे?

मुलीकडे जर्मनीत तीन आठवडे आणि पॅरिसला चार दिवस, तर अर्ज जर्मनीकडे. जिथे जास्त दिवस, तिथे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तो देश. दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथे अर्ज टाकायचा आणि राहायचं भलतीकडेच, हे करू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो, पण पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. साखर आणि रक्तदाब असलेल्यांनी एक गोष्ट नक्की वाचावी : स्वस्त विमा आधीपासूनचे आजार बहुधा वगळतो. फॉर्मपुरता विमा आणि दवाखान्यात उपयोगी पडणारा विमा यांत मोठा फरक असतो.

व्हिसावरची तारीख आणि राहायचे दिवस

अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं, असा समज आजही आहे. व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. उतरल्यावर मुलाला ती ऑनलाइन काढून बघायला सांगा. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि येण्या-जाण्याचे दिवसही त्यात धरतात. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे दिवस आपोआप मोजले जातात. अमिरातीत मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दिवसाला ५० दिरहम दंड आहे.

मधला थांबा

स्वस्त तिकीट मिळालं म्हणून अमेरिकेतून पुढे मेक्सिकोला जाणारं विमान धरलं, तर अमेरिकेचाही व्हिसा लागतो, विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तरी. लंडनमार्गे जातानाही भारतीय पासपोर्टला बहुधा ट्रान्झिट व्हिसा लागतो. काही देशांचा चालू व्हिसा हाती असेल तर सवलत आहे. तिकीट काढण्याआधी थांब्याच्या देशाचा नियम त्याच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा.

व्हिसा लागत नाही, म्हणजे काहीच लागत नाही?

थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. मलेशियाचंही तसंच आहे. सिंगापूरलाही असं कार्ड लागतं, तिथे व्हिसा मात्र वेगळा घ्यावाच लागतो. ही कार्डं पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात आणि ती फुकट आहेत. गुगलवर सर्वांत वर दिसणाऱ्या नकली साइटवर लोक दोन-तीन हजार भरून बसतात. पैसे मागितले की साइट बंद करा.

पशुपतिनाथाच्या यात्रेला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. नेपाळला व्हिसा नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं. आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं. यात्रा कंपनीने ‘आधार आणा’ सांगितलं आणि गटातली पन्नाशीची माणसं अडकली, असं झालेलं आहे.

केनियासारख्या आफ्रिकी देशात जाऊन परत येणार असाल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात.

पिशवीतला मसाला

लेकीसाठी काळा मसाला, कुरडया, बिबडे, लोणचं भरताना आईचा जीव त्यात असतो, हे मला कळतं. पण आपल्या काळ्या मसाल्यात पुष्कळ घरी खसखस असते. अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखस नेणं गुन्हा आहे, चिमूटभर असली तरी. तिकडे जायचं असेल तर मसाला खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. मसाल्याची खसखस कुणी सहसा मोजत नाही आणि घात तिथेच होतो. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू कार्डावर लिहून जाहीर करायची असते. जाहीर केलेलं फार तर टाकून देतात, लपवलेल्याला मोठा दंड लागतो. ताजी वांगी, आंबे, बियाणं कुठेच नेऊ नका. गोळ्या मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. ट्रामाडॉल, कोडीन असलेली औषधं आखाती देशांत परवानगीशिवाय नेता येत नाहीत.

कामासाठी व्हिझिट व्हिसा : हे तर मुळीच नको

गावातल्या तरण्या पोरांसाठी हे लिहितोय. “आधी व्हिझिटवर ये, तिथे कामाचा करून देऊ,” असं सांगणारा माणूस पैसे घेतो आणि फोन बंद करतो. पोरगा परक्या देशात बेकायदा ठरतो, पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात जातो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी असा शेरा, लागतो. अशा मुलांना आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी घ्यावी लागते. नोंदणी असलेला एजंट आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर फुकट तपासता येतं. एजंट ती नोंदणी दाखवायला तयार नसेल तर एक रुपयाही देऊ नका. आई-बाप फक्त भेटायला जात असतील, तर ईसीआर पासपोर्टला घाबरायचं कारण नाही, ती मंजुरी नोकरीसाठी आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना तर पासपोर्ट काढतानाच त्यातून सूट मिळते.

हातातली पिशवी

आणि एक छोटी चूक, जी सांगायला सगळे विसरतात. कागदांची फाइल मोठ्या बॅगेत टाकून ती विमानात चढवली जाते. पुढे इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारतात, कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट कुठे? म्हातारं माणूस घाबरतं आणि बॅग तर सामानाच्या पट्ट्यावर. चोपड्याकडच्या एका मावशींना मी प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत पाच कागद दिले होते : मुलाचं पत्र, घरचा पत्ता नि फोन मोठ्या इंग्रजी अक्षरांत, परतीचं तिकीट, विमा, औषधांची चिठ्ठी. ती पिशवी त्यांनी साडीच्या पदराशी धरूनच ठेवली. परत आल्यावर मला म्हणाल्या, त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी पिशवी पुढे केली, त्यांनी एकेक कागद पाहिला, शिक्का मारला आणि हात जोडले.