वीरगळ वाचायचा तो खालून वर

आपल्या सोलापूर जिल्ह्यात जुन्या गावाच्या वेशीपाशी, मारुतीच्या पाराला टेकून किंवा महादेवाच्या देवळामागे कोरीव उभे दगड दिसतात. लढताना पडलेल्या माणसांची ही स्मारकं, म्हणजे वीरगळ. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या आवारातही ते आहेत. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलं दगडापुढे उभी राहिली की आधी सांगते, खालून बघायला सुरुवात करा.

तळचा चौकोन मरणाचा. इथे घाई नको. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं, त्यामुळे माणसाची ओळख इथेच शोधायची. गाई कोरल्या असतील तर गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो पडला. घोडा आहे का, हातात तलवार की धनुष्य, समोर किती जण, केसांचा बुचडा कसा बांधलाय, सगळं बघा. त्यावरच्या चौकोनात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. आणखी वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावरचे चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो.

कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला उभा हात दिसला तर ती सतीशिळा. बांगड्या अखंड सौभाग्याची खूण, हे मी सांगते. आणि जळाली ती जिवंत बाई होती, हेही सांगते. गाढव कोरलेला गधेगळ मात्र स्मारक नव्हे. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे.

भर दुपारी जाऊ नका, आपलं ऊन कोरीवकाम सपाट करून टाकतं. सकाळचा किंवा मावळतीचा तिरपा उजेड हवा. सावलीत टॉर्च दगडाच्या कडेला धरा. धूळ मऊ ब्रशनेच झाडा. खडू, तेल, तारेचा ब्रश अजिबात नाही. शेंदूर असेल तर खरवडू नका, पूजा कोण करतं ते विचारा. फोटो समोरून, शेजारी पट्टी ठेवून काढा. उंची, रुंदी, चौकोन किती, तोंड कुठल्या दिशेला, हे वहीत लिहा.

पाराला सिमेंट घालायचं ठरलं की आधी तळचा चौकोन गाडला जातो. तेव्हा काम सुरू होण्याआधीच सरपंचांना भेटा आणि दगड पूर्ण उंचीचा दिसेल असा उभा करायला सांगा.