कुत्रा नेमका कुठल्या पायाने लंगडतोय? घरी बसून कसं ओळखायचं

कुत्रा लंगडायला लागला की आपण सगळे खाली वाकून त्याच्या पायाकडे बघत बसतो आणि तिथेच गडबड होते, कारण खरी खूण वर असते, डोक्यात आणि खुब्यात. शिवाय डॉक्टरांच्या टेबलावर गेला की घाबरून तोच कुत्रा बऱ्याचदा व्यवस्थित चालून दाखवतो. म्हणून घरच्या ओळखीच्या रस्त्यावर, तो निवांत असताना चाल बघायची आणि मोबाईलवर घ्यायची, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

पण त्याआधी पंजे बघा. नाशिकजवळच्या मखमलाबाद, गिरणारेकडच्या मळ्यांतून हिंडून आलेल्या कुत्र्याच्या बोटांच्या मधे बाभळीचा काटा, काच, तुटलेलं नख, गोचीड काहीही सापडू शकतं. एप्रिल-मेमधे दुपारी डांबरावर चालवलं असेल तर तळवे भाजलेत का तेही बघा.

आता जागा. घरातल्या टाइल्सवर पाय घसरतात, वाळूत रुततात, आणि जॉगिंग ट्रॅकवरच्या गर्दीत तो पट्टा ओढत राहतो. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या आतल्या कॉलन्यांमधे सकाळी लवकर सपाट, रिकामा काँक्रीटचा रस्ता मिळतो, तो बेस्ट. पट्टा सैल पाहिजे, ताणून धरलात तर डोकं हलणारच नाही आणि मग बघायचं काय? एकाने कुत्रा न्यायचा, दुसऱ्याने स्लो मोशनमधे व्हिडिओ घ्यायचा, समोरून, मागून आणि बाजूने, फोन कुत्र्याच्या उंचीवर धरून.

आधी चालवा, मग दुडक्या चालीने पळवा. दुडकी चाल सगळ्यात उपयोगाची, कारण त्यात तिरपे दोन पाय एकदम टेकतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा, त्यामुळे डावी-उजवीकडचा फरक लगेच डोळ्यात भरतो. जोरात पळवू नका, त्यात काही कळत नाही.

पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. इथे खूप लोक उलटं समजतात, डोकं खाली गेलं म्हणजे तोच पाय दुखतोय असं वाटतं, पण तो चांगला पाय असतो, त्यावर तो भार टाकतोय. कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणजे 30 किलोच्या लॅब्राडॉरचं (लॅबचं) 18 किलो पुढे आणि 12 मागे, म्हणून पुढचं दुखणं डोक्यावरून चटकन दिसतं.

मागच्या पायासाठी मागून बघायचं. दोन्ही खुब्यांच्या वर आलेल्या हाडांवर रंगीत टेपचा तुकडा चिकटवा, केसाळ कुत्र्याला तर नक्की चिकटवा. ज्या बाजूची टेप जास्त वर-खाली होते ती बाजू बहुतेक दुखरी. आणि एक फसवणूक लक्षात ठेवा: मागचा डावा जास्त दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा भार पुढे टाकायला डोकं खाली घालतो, त्याच वेळी पुढचा उजवा टेकलेला असतो, मग बघणाऱ्याला वाटतं पुढचा डावा लंगडतोय. म्हणून डोकं हलताना दिसलं तरी खुबे बघितल्याशिवाय ठरवू नका.

दोन्ही मागचे पाय दुखत असतील तर लंगडणं दिसतच नाही, कारण फरक करायला चांगला पायच उरत नाही. मग पावलं छोटी पडतात, पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलतो, जिना चढायला नको म्हणतो. लॅब, जर्मन शेफर्डमधे असं दिसलं तर खुब्याचा एक्स-रे काढाच, वय लहान असलं तरी. पॉमेरेनियनसारखा छोटा कुत्रा मधेच एक पाय उचलून दोन-तीन उड्या मारतो आणि परत नीट चालतो, तेव्हा गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता मोठी. बसताना एक मागचा पाय बाहेर काढून बसत असेल तर गुडघा तपासायला सांगा.

वेळ पण नोंदवा. थंडीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा सकाळी उठल्यावर आखडलेला आणि थोडं चालल्यावर मोकळा होणारा म्हातारा कुत्रा बहुतेक सांधेदुखीचा असतो, उलट फिरून आल्यावर जास्त लंगडतो तो लिगामेंट किंवा स्नायूचा असू शकतो. आज हा पाय, उद्या तो, सोबत ताप आणि खाणं कमी असेल तर गोचीड तापासाठी रक्त तपासा. नखं पुढून घासलेली, पंजा उलटा पडतोय, असं असेल तर दुखणं मज्जातंतूचं असू शकतं, थांबू नका.

पाय अजिबात टेकवत नाही, हाड वाकडं दिसतंय, मोठी सूज आहे, मागचे दोन्ही पाय ओढतोय, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. बाकी लंगडणं दोन दिवसांत गेलं नाही तरी दाखवा, मोठ्या जातीच्या वयस्कर कुत्र्याचं तर नक्कीच, तिथे हाडाचा कॅन्सरही असू शकतो. आणि घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी प्लीज देऊ नका, पोटात अल्सर होतात, किडनी जाते. व्हिडिओ, कधीपासून, कुठला पाय, सकाळी की फिरून आल्यावर, एवढं घेऊन डॉक्टरांकडे जा.