चपट्या कृमीचं नाव नुसत्या रंगावरून ठरवू नका: या चुका टाळा

बडोद्याहून रात्रीची गाडी पकडून जामनगर, तिथून कच्छच्या आखातातला नराराचा किनारा. ओहोटीला खडकांवर तीन तास वाकून फिरलं की फोनमध्ये दोन-चार चपटे कृमी (फ्लॅटवर्म, पानासारखे पातळ समुद्री प्राणी) जमतात. घोळ सुरू होतो घरी आल्यावर, नाव लावताना.

पहिला घोळ म्हणजे न्यूडिब्रँकला, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायीला, चपटा कृमी समजणं किंवा त्याच्या उलट. जाडी बघा. कृमी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असतो आणि दगडाच्या प्रत्येक खाचेत ओल्या कागदासारखा बसतो. गोगलगायीला उंची असते. डोक्याकडची दोन शिंगं तिच्या पाठीतून स्वतंत्र उगवतात. कृमीची ‘शिंगं’ ही पुढच्या कडेलाच पडलेली चुणी असते. पाठीवर मागे कल्ल्यांचा झुबका दिसला तर विषयच संपला, कृमीला कल्ले नसतात. पाठभर बारीक गाठी असलेला थायसॅनोझून नावाचा कृमी मात्र भल्याभल्यांना फसवतो. आणि प्रशांत महासागरातला स्यूडोसेरॉस इमिटेटस हा कृमी तर चक्क एका गाठाळ गोगलगायीची नक्कल करतो.

दुसरी चूक सगळ्यात जास्त होते: ‘काळा, नारिंगी कडेचा’ एवढ्यावर नाव ठोकून देणं. साडीचे काठ ओळखतो तसं इथे पट्ट्यांचा क्रम वाचावा लागतो, आतून बाहेर. स्यूडोबायसेरॉस ग्लोरिओसस मखमली काळा असतो आणि त्याच्या कडेला आधी नारिंगी, मग गुलाबी, मग गडद तांबडी पट्टी येते. त्याच गटातल्या स्यूडोबायसेरॉस हॅनकॉकॅनसला आत नारिंगी आणि अगदी कडेला पांढरी. सबंध कृमीचा फोटो छोटा करून बघितला तर ही पांढरी रेघ गायब होते. म्हणून कडेचा एक फोटो अगदी जवळून हवाच. उलट स्यूडोसेरॉस डिमिडिएटसमध्ये पाठीवरची काळी-पिवळी नक्षी प्रत्येक प्राण्यागणिक बदलते, कधी उभे पट्टे तर कधी झेब्र्यासारखे आडवे. नारिंगी कड तेवढी कायम. दोन नक्ष्या दिसल्या म्हणून दोन जाती मोजू नका.

नावातला पहिला शब्द, म्हणजे गट, स्यूडोसेरॉस की स्यूडोबायसेरॉस, हे पाठीवरून खात्रीने सांगता येत नाही. उत्तर पोटाखाली आहे. तोंडामागे नर-छिद्र एक असेल तर पहिला, शेजारी-शेजारी दोन असतील तर दुसरा. त्याच्या मागे मादी-छिद्र आणि मग चोषक, म्हणजे चिकटून राहायचा अवयव. यासाठी कृमी उलटा करायची गरज नाही, आणि करूही नये. कड फाटते आणि हातात नुसती बुळबुळ उरते. तो स्वतःहून लाटांसारखा वळवळत पोहू लागला की कडेने व्हिडिओ घ्या आणि मग एकेक चौकट तपासा. पोट एखाद्या चौकटीत तरी सापडतं.

डबक्यातला फोटो फिका येण्याचं कारण बहुतेक वेळा पाण्यावरची चकाकी असते. स्वतःच्या अंगाची सावली पाडा, फ्लॅश तिरपा ठेवा. मोजपट्टी शेजारी ठेवा, कृमीवर नको. तो कशावर बसला होता तेही टिपून ठेवा. यातले बरेच कृमी समूहाने वाढणारे अॅसिडियन (दगडाला चिकटून राहणारे पिशवीसारखे समुद्री प्राणी) खातात, त्यामुळे ही नोंद पुढे कामाला येते.

‘एक नमुना बाटलीत घालून नेऊ’ हा विचार सोडा. हे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय प्राणी उचलता येत नाही. शिवाय अल्कोहोलमध्ये टाकलेला कृमी आक्रसून गोळा होतो आणि रंग उडतो, म्हणजे ओळखायला काहीच उरत नाही. परवानगी असलेले अभ्यासक गोठवलेल्या फॉर्मॅलिनवर त्याला पसरलेल्या अवस्थेतच स्थिर करतात, आणि तेही रंगीत फोटो आधी काढून.

पोटाचा फोटो नसेल तर नोंदीत जातीचं नाव न घालता ‘स्यूडोसेरॉस किंवा स्यूडोबायसेरॉस’ एवढंच लिहा. आणि दगड उचलला असेल तर त्याच बाजूने, त्याच जागी परत ठेवा. खालची बाजू उन्हात राहिली तर तिथलं सगळं वाळून जातं.