ख्रिस्ती जीवनात बदल का अडतो? या चुका टाळा

शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत डोळे पुसणारा माणूस सोमवारी घरी तसाच खेकसतो. मंडळीत लगेच कुजबुज होते की हा ढोंगी आहे. मला तसं वाटत नाही. पाळकांशी, धर्मभगिनींशी, तरुणसंघातल्या पोरांशी बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: इच्छा खरी असते, पण ती मोघम असते. ‘प्रभू, मला बदल’ एवढंच मागितलेलं असतं. काय बदलायचं, कुणाच्या बाबतीत, कधीपासून, हे ठरलेलंच नसतं. खालच्या बऱ्याच चुका याच एका मुळातून येतात.

पश्चात्ताप करायचा, पण हिशोब द्यायचा नाही

येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जकातदार जक्कयाची गोष्ट रविवारच्या शाळेत सगळ्यांना पाठ असते, आणि ती उंबराच्या झाडावरच संपते. लूकच्या १९ व्या अध्यायात पुढे तो उभा राहून आकडे सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. येशू ‘आज या घराला तारण झाले आहे’ म्हणतो ते हे ऐकल्यावर.

आपल्याकडे उलट चालतं. भावाच्या वाट्याच्या जमिनीवर नाव आपलं चढवलेलं असतं आणि आपण देवाकडे ‘कळत-नकळत झालेल्या पापांची’ क्षमा मागतो. नकळत काय झालंय त्यात? उतारा काढताना सगळं कळत होतं. मत्तयच्या ५ व्या अध्यायात तर अर्पण वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं स्पष्ट आहे. कॅथलिक बंधुभगिनींना हे नवीन नाही. पापनिवेदनानंतर शक्य ती भरपाई करणं हा त्या संस्काराचाच भाग मानतात, फक्त तीन ‘नमो मरिया’ (मरियेची छोटी प्रार्थना) म्हणून तो उरकला जातो.

म्हणून कागद घ्या आणि नावं लिहा. कुणाचे पैसे, कुणाबद्दल पसरवलेली गोष्ट, कुणाशी धरलेला अबोला. मोठी यादी करू नका, दोन नावं पुरे. पैसे एकदम देता येत नसतील तर हप्ता सांगा. माफी मागताना ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द टाळा, त्याने माफी परत खिशात जाते.

इथे एक सावधानता हवीच. समेटाचं हे वचन मार खाणाऱ्या बाईवर लादलं जातं: क्षमा कर आणि परत नांदायला जा. क्षमा करणं आणि पुन्हा मारहाणीच्या तोंडी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला परत पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी मारणाऱ्याकडून जक्कयासारखा हिशोब मागावा.

बाप्तिस्मा झाला म्हणजे काम झालं असं समजणं

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे १८८३ साली झाला. पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं गेली. एवढी विदुषी असं कबूल करते, आणि आपण दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या, दाखल्यावर निर्धास्त असतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तर अगदी घरातलं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी त्यांनी सोवळं-ओवळं सोडलं नव्हतं. जातिभेद आधी मनातून गेला आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज अनेक कुटुंबांत बाप्तिस्मा पणजोबांचा झालेला असतो आणि मुलीचं स्थळ आलं की पहिला प्रश्न ‘मूळचे कोण?’ हाच असतो. आयुष्यातली एखादी खोली ख्रिस्ताला बंद ठेवलीय का, हे शोधायचं असेल तर घरातली लग्नाची बोलणी ऐका.

कृपादानांवरून वाढ मोजणं

गाता येतं, तासभर प्रार्थना करता येते, वचनं तोंडपाठ आहेत, कमिटीवर निवड झाली. अशा माणसाला आपण ‘आत्मिक’ म्हणतो. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलं की तुम्ही कोणत्याच कृपादानात, म्हणजे देवाने दिलेल्या क्षमतेत, उणे नाही. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो त्यांना बाळकं म्हणतो, कारण त्यांच्यात हेवा आणि कलह होता. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची यादी आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातली एकही गोष्ट स्टेजवरून दिसत नाही. बायकोला, मुलांना, हाताखालच्या माणसाला मात्र दिसते. त्यांना विचारा, आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

एक जानेवारीला अख्खं बायबल

बायबलचे अध्याय ११८९. वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून थोडे जास्त. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० झाले की जानेवारीच्या शेवटी लेवीय उघडतं, आणि बहुतेकांचं वाचन तिथेच थांबतं. गंमत अशी की शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, ही आज्ञा लेवीयच्याच १९ व्या अध्यायात आहे. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हेही तिथलंच. वेग कमी करा. मार्कचे १६ अध्याय एका महिन्यात दोनदा वाचणारा, वर्षाच्या तक्त्यात मागे पडून अपराधी वाटून घेणाऱ्यापेक्षा पुढे असतो.

घसरलो की पुन्हा शून्यापासून

काही जण प्रत्येक संजीवन सभेत (विश्वास नव्याने जागवण्याच्या सभेत) पुढे जाऊन नव्याने समर्पण करतात. काहींना तर आधीचं तारण खरं होतं का, हाच प्रश्न छळतो. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, लोकांबरोबर जेवत होता, यरुशलेमहून माणसं आली तेव्हा भिऊन बाजूला झाला. पेंटेकॉस्टनंतरचा, म्हणजे पवित्र आत्मा मिळाल्यानंतरचा पेत्र होता हा. पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, पण त्याचं प्रेषितपण काढून घेतलं नाही. पौलाच्या प्रचारफेरीतला सोबती योहान मार्क पंफुल्यातून परत फिरला, त्याच्यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले. शेवटच्या पत्रात पौलच म्हणतो, मार्कला घेऊन ये, तो माझ्या उपयोगी आहे.

दुसरं टोकही असतं. पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसात जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करत राहिला, उपाशी राहिला, जीव द्यायचे विचार येईपर्यंत गोष्ट गेली. अखेर धर्मगुरूने त्याला उपास मोडायला लावला. मन असं अडकत असेल तर आणखी उपास हा उपाय नाही. पाळकाशी बोला, आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत बसला तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, भाकर दिली, पुन्हा झोपू दिलं.

दारूच्या बाबतीत हे आणखी नेमकं सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने सभेच्या जोशात एका रात्रीत दारू बंद केली तर हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं शक्य आहे, जिवावरही बेतू शकतं. त्याला विश्वास कमी पडला असं म्हणत घरात कोंडून ठेवू नका, दवाखान्यात न्या. नंतर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर मदतगटाच्या) मराठी बैठकीला जाऊ द्या, प्रार्थना तिथेही चालते.

कोरडेपणात मोठे निर्णय

प्रार्थनेत काहीच वाटेनासं होतं, तेव्हा माणूस मंडळी बदलतो, सेवा सोडतो. याच इग्नेशियसने नंतर नियम घालून दिला: उदासीच्या काळात आधीचे निर्णय बदलू नका. मला हा नियम सगळ्या पंथांसाठी उपयोगाचा वाटतो.

एकट्याने लढणं

याकोबाचं पत्र पापं एकमेकांपाशी कबूल करा म्हणतं. एकमेकांपाशी, म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. तिथे ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून टाकलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळतं. एक माणूस निवडा: पुरुषाने पुरुष, बाईने बाई, वयाने थोडा मोठा, पोटात गोष्ट ठेवणारा, आणि शक्यतो नातेवाईक नसलेला. महिन्यातून एकदा भेटा. वर केलेली दोन नावांची यादी त्याच्यापुढे ठेवा आणि त्याला सांगा की भेटल्यावर दुसरं काही विचारण्याआधी एवढंच विचारायचं: पैसे दिलेस का? फोन केलास का?